ईमेल सगळीकडे नीट दिसावा म्हणून



समजा, कामरेजच्या एखाद्या साडीव्यापाऱ्यानं धुळे-नंदुरबारच्या दुकानदारांना नव्या मालाचा ईमेल पाठवला. एकाच्या मोबाइलवर तो सुरेख उघडतो. दुसऱ्याच्या आउटलुकमध्ये मात्र रकाने विस्कटतात, साड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

असं का होतं? वेबपानं दाखवताना आजचे ब्राउझर बहुतांशी सारखेच नियम पाळतात. ईमेलचं तसं नाही. आउटलुकच्या २००७ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ईमेल दाखवण्याचं काम इंटरनेट एक्स्प्लोररकडून काढून वर्डकडे दिलं. वर्ड कागदावरचा मजकूर जुळवण्यासाठी घडवलेलं. वेबच्या मांडणीतलं कितीतरी त्याला उमगत नाही. म्हणून वेबपानांच्या रचनेतून केव्हाच मागं पडलेलं टेबल ईमेलमध्ये टिकून राहिलं. साधारण ६०० पिक्सेल रुंदीचं टेबल घ्यावं, आणि रंग, आकार, अंतर यांच्या सूचना ज्या त्या घटकालाच जोडाव्यात. जीमेलनं २०१६ मध्ये वेगळ्या लिहिलेल्या स्टाइल-सूचना स्वीकारल्या, तरी हा शिरस्ता सोडू नये असं मला वाटतं.

मराठीची अडचण आणखी वेगळी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला, की समोरच्याला निरर्थक चिन्हं दिसतात. मग सरळ अख्ख्या मजकुराचं चित्र करून पाठवतात. हे मला मुळीच पटत नाही. आउटलुक सहसा इंटरनेटवरून येणारी चित्रं आपणहून उघडत नाही. म्हणजे भाव, पत्ता, फोन नंबर सगळंच गायब. दृष्टिहीन ग्राहकाच्या हाती तर बहुधा काहीच लागत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर विंडोजवर तो मंगल किंवा निर्मला फॉन्टात दिसेल, अँड्रॉइडवर नोटोमध्ये. अक्षरवळण थोडं बदलेल, शब्द शाबूत राहतील.

आणि पाल्हाळ टाळा. जीमेल सुमारे १०२ केबीपुढचा मजकूर दाखवायचं थांबवतं. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. त्यामुळं मराठी मजकूर ही मर्यादा लवकर गाठतो.

साड्यांचे फोटो जरूर पाठवा, पण प्रत्येकाला चित्र न दिसल्यास वाचता येईल असा पर्यायी मजकूर द्या आणि भाव चित्रात नको, मजकुरातच लिहा. शंभर ग्राहकांना धाडण्याआधी तो ईमेल स्वतःलाच पाठवून जीमेल, आउटलुक आणि आयफोनवर, चित्रं बंद ठेवूनही, एकदा वाचून पाहा.