एक रोल, सगळ्यांचा



मुलांनो, पडद्यामागे मेकअप करून, घुंगरू बांधून तुमच्यातले कितीतरी जण केव्हाचे ताटकळत आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. ती गोष्ट म्हणजे रोल घालून वापरायचा फिल्मचा कॅमेरा, आणि तो मित्रमैत्रिणींच्या संगतीत कसा वापरावा. मुंबईतल्या हिंदमाता परिसरातल्या या शाळेत हे बोलायला मिळतंय याचा मला फार आनंद आहे. त्याला कारणही तसंच आहे.

इथून दादर स्टेशनकडे निघालात की दादासाहेब फाळके रोड लागतो. पूर्वी त्याला दादर मेन रोड म्हणत. त्या रस्त्यावरच्या मथुरा भवनात फाळक्यांचं बिऱ्हाड होतं आणि 'राजा हरिश्चंद्र' या त्यांच्या चित्रपटाचं बरंचसं काम तिथे झालं. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. तो हातात आल्यावर त्यांनी आधी काय केलं, माहीत आहे? वाटाण्याचा वेल लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि वेल वाढत जाईल तशी एकेक चौकट टिपत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. तो छोटा चित्रपट पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला.

आपण नाव एकट्या फाळक्यांचं घेतो. त्या कॅमेऱ्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उभ्या होत्या, हे कमी वेळा सांगितलं जातं. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायची असत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकणं आणि हे सगळं उरकून अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक करणं, हेही त्यांच्याकडेच होतं. माझ्या मते भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञ त्याच आहेत आणि आपल्या शाळेच्या एखाद्या भिंतीवर त्यांचं चित्र असायला हवं.

दुसरं नाव होमाई व्यारावाला यांचं. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा त्यांना मानेकशा व्यारावाला यांनी शिकवला, पुढे त्यांच्याशीच त्यांचं लग्न झालं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. ऑगस्ट १९४७ चा तिरंगा, नेहरू, माउंटबॅटन, हे सगळं त्यांनी टिपलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण मी तुम्हाला त्यांचे त्याआधीचे फोटो बघायला सांगेन. त्या जेजेत शिकत होत्या तेव्हाचे. त्यात कुणी पुढारी नाही. सोबत शिकणाऱ्या मुली आहेत. रेहाना मोगल नावाची त्यांची मैत्रीण तर पुन्हा पुन्हा दिसते. मुलींच्या सहलीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले आणि एका फोटोमागे एक रुपया दिला. सुरुवातीचे कितीतरी फोटो छापून येत तेव्हा खाली नाव मानेकशांचं असे, कारण होमाईंना तेव्हा कुणी ओळखत नव्हतं.

त्या फोटोंत मुली कॅमेऱ्याला बुजत नाहीत. का बुजत नाहीत? कारण कॅमेऱ्यामागे त्यांच्यातलीच एक आहे. पुढे लाल किल्ल्यावर आणि राष्ट्रपती भवनात वावरताना होमाईंना जे बळ लागलं, त्याची तालीम या मैत्रिणींमध्ये झाली असं मला मनापासून वाटतं. आणि त्या मुलीही तुमच्यासारख्या विद्यार्थिनीच होत्या.

आता माझ्या मित्रांबद्दल सांगतो. आम्ही जेजेत एकत्र शिकलो. एक चित्रकार झाला, एक मैत्रीण मूर्तिकार झाली, एक जण नाटकांची नेपथ्यं करतो, मी छायाचित्रकार झालो. काही काळापूर्वी आम्ही रविवारी सकाळी भेटून पुन्हा फिल्मवर फोटो काढायला लागलो. आमचा नियम एकच आहे: कॅमेरा एक, रोल एक, आणि त्यातले छत्तीस फोटो सगळ्यांचे मिळून. कॅमेरा या हातातून त्या हातात फिरतो. एका रोलसाठी आज हजाराच्या आसपास मोजावे लागतात, वर धुवायचा आणि प्रिंटचा खर्च वेगळा. आमच्या लहानपणी उटीला बनणारे 'इंदू'चे रोल मिळायचे, आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात बारा फोटो निघायचे आणि ते बारा सणावारांना पुरवून वापरले जायचे. खर्च वाटून घ्यावा म्हणून आम्ही एक रोल ठरवला, पण त्यातून आम्हाला खर्चापेक्षा मोठं काही मिळालं.

इथल्याच कापडबाजारातलं सांगतो. सकाळी दुकानं उघडत होती, साड्यांचे गठ्ठे सुटत होते. आमच्या रोलमध्ये काळीपांढरी फिल्म होती. मी लाल साडीशेजारी हिरवी साडी असलेला ढीग बघून पुढे झालो. चित्रकार मित्राने मला थांबवलं. म्हणाला, "रंग विसर. यांची गडदता सारखी आहे, दोन्ही एकाच राखाडीत जातील." मग त्याने बाजूचा ढीग दाखवला. रंगाने तो अगदी साधा होता, पण त्यात एक गर्द निळी साडी आणि तिला लागून कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी होती. फोटो तिथे होता. चित्रकाराचा डोळा मला उसना मिळाला आणि तो आता माझ्याकडेच राहिला आहे.

परळला गणपतीच्या कारखान्यात गेलो तेव्हा गणपतीला थोडेच दिवस उरले होते. वर ताडपत्री, आत उजेड बेताचा. ४०० आयएसओची फिल्म असूनसुद्धा शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत खाली आणावं लागलं. एवढ्या वेळात माणूस हलला की फोटो पुसट होतो. कॅमेरा मूर्तिकार मैत्रिणीकडे होता. कारागीर डोळ्यांची आखणी करत होता आणि ती नुसती बघत उभी होती. बराच वेळ गेला, तिने शटर दाबलं नाही. मी खूण केली तर तिने मान हलवली. मग एका क्षणी तिने फोटो काढला, एकच. बाहेर आल्यावर म्हणाली, "वरच्या पापणीची रेघ ओढताना कारागीर श्वास धरतो. तेवढाच वेळ त्याचं अंग दगडासारखं स्थिर असतं." आयुष्यभर कॅमेरा वापरून मला हे माहीत नव्हतं, आणि कुठल्याही पुस्तकात ते मिळालं नसतं. फोटो धुऊन आला तेव्हा कुंचल्याचं टोक, कारागिराचा अंगठा, मूर्तीची पापणी, सगळं स्वच्छ. आम्ही त्याची मोठी प्रिंट त्या कारागिराला नेऊन दिली. ज्याचा फोटो काढतो त्याला आधी विचारायचं आणि नंतर प्रिंट द्यायची, हा आमचा दुसरा नियम म्हणा.

रोल आम्ही नायगावला एका मित्राच्या घरी धुतो. फटींना ओले टॉवेल लावून न्हाणीघरात पूर्ण अंधार करायचा, चाचपडत रोल रिळावर चढवायचा आणि टाकीत बंद करायचा. मग दिवा लावला तरी चालतो. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, साधारण वीस अंशांवर हवा. मुंबईच्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, म्हणून बाटली बर्फाच्या बादलीत ठेवावी लागते. एक जण घड्याळ बघतो, एक टाकी उलटीपालटी करतो, एक थर्मामीटर सांभाळतो. डेव्हलपरनंतर स्टॉप बाथ, मग फिक्सर, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात. उजेड न लागलेले चांदीचे क्षार तो विरघळवून काढतो, म्हणून चित्र टिकतं. विज्ञानाच्या सरांना सांगा, ते समीकरण लिहून देतील.

नंतर कॉन्टॅक्ट शीट बनते, छत्तीस फोटो एका कागदावर, आणि सगळे तिच्यावर वाकतात. नेपथ्यकार मित्राच्या प्रत्येक फोटोत एक बाजू मोकळी असते, जणू तिथून कुणीतरी प्रवेश करणार आहे. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. आम्ही त्याला दाखवलं.

तुमच्या हातातल्या फोनला मी नावं ठेवणार नाही. पण फोनवर फोटो काढला की मान लगेच खाली जाते, आपण पडद्यात बघतो आणि समोर चाललेलं निसटतं. फिल्ममध्ये बघायला काही नसतंच, त्यामुळे नजर समोरच राहते आणि शेजारी उभ्या मित्राचं बोलणं ऐकू येतं. फिल्म शिकावी ती यासाठी.

काय टिपायचं, तेही तुमच्या दाराशी आहे. पावसात हिंदमाताला साचणारं पाणी बातम्यांत सगळा देश बघतो, पण ते पाणी दुकानात शिरू नये म्हणून इथले लोक काय काय करतात ते तुम्ही स्वतः बघता. पाणी साठवायला परळच्या सेंट झेविअर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या, ते कामही तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तुमच्यातल्या कितीजणांचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते तरुण होते. त्यांचे हात टिपा, त्यांना विचारून. आणि सर्वांत आधी एकमेकांना टिपा. होमाईंनी तेच केलं.

मुख्याध्यापिका बाई, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. शाळेत एक लहानशी खोली द्या. खिडकी बंद होणारी, हवा खेळती ठेवायला पंखा असलेली, जवळ नळ असलेली. रसायनांशी काम आहे, म्हणून हातमोजे लागतील आणि एक शिक्षक कायम सोबत लागतील. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, तो गटारात न सोडता कॅनमध्ये जमा करावा लागेल. फोटो मोठा करून छापायचा माझा एन्लार्जर मी शाळेला देतो. माझे चित्रकार, मूर्तिकार, नेपथ्यकार मित्र शिकवायला यायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच आलो आहे. पालकांनो, घरातल्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर तो भंगारात देऊ नका, शाळेत आणून द्या. आणि मुलांनो, जूनमध्ये शाळा उघडली की पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाचा पहिला रोल माझ्याकडून.