मन आणि गव्हाची पोळी



गहू सोडला की मनाची मरगळ जाते, ही समजूत अलीकडे पुष्कळ घरांत शिरली आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना येणारा चिवटपणा त्याचाच. हे प्रथिन मनाला बाधते काय, आणि बाधत असल्यास कोणाला, एवढाच आमचा आजचा विषय.

त्यासाठी महाळुंग्याकडेच पाहू. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. इथल्या उंच इमारतींत आता रोज पोळी होते, पाव येतो. पण मुळशी हा आंबेमोहराचा मुलूख. पूर्वीचे रोजचे जेवण भात आणि भाकरीचे. गहू सणाच्या पुरणपोळीपुरता. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या नकळत बहुतेक ग्लुटेनवाचूनच जेवत. मग त्या काळी खिन्न, भ्रमिष्ट माणसे नव्हती काय? होती. त्यांना देवऋषाकडे नेत, एवढेच. गहू नसला की मन स्वस्थ, हा हिशेब आपल्याच घरात चुकतो.

तरी ही कल्पना अगदीच निराधार नाही. गव्हामुळे सीलिअ‍ॅक रोगाची मुले आजारी पडतात, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखवले. या रोगात आतड्याचे अस्तर झिजते, लोहासारखी द्रव्ये अंगी लागत नाहीत, थकवा येतो आणि कित्येकांना उदासी व चिंताही ग्रासते. अशांना गहू व जव जन्मभर वर्ज्य. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरात सुमारे एक, तर दक्षिणेत दहा हजारांत सुमारे एक माणूस या रोगाचा आढळला.

१९६६ साली अमेरिकेतील डॉ. डोहन यांनी महायुद्धकाळातले आकडे मांडले. गव्हाचा खप जिथे घटला तिथे छिन्नमनस्कतेचे रुग्णही कमी दाखल झाले, असे त्यांना दिसले. पुढील प्रयोगांत हे सरसकट खरे ठरले नाही. ज्यांच्या रक्तात गव्हाविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात अशा थोड्या रुग्णांपुरता शोध चालू राहिला. २०१४ साली ऑस्ट्रेलियात सीलिअ‍ॅक नसलेल्या २२ जणांना तीन दिवस ग्लुटेन दिले, तेव्हा उदासी काहीशी वाढलेली दिसली. पण २२ माणसे आणि तीन दिवस, एवढ्यावर जन्माचे पथ्य उभारता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, आधी रक्तपरीक्षा, मग पथ्य. आधीच गहू सोडला तर रक्तातली खूण पुसट होते आणि रोग असूनही नाही असे उत्तर येते. रोग निघालाच तर पथ्य काटेकोर हवे. गव्हामागून त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतोच. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. रोग नसेल तर भाकरी आवडीने खावी, पण तिला औषध समजू नये. उदासीमागे थायरॉइडचा किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा हात नाही ना, हेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

खरा धोका निराळाच आहे. पथ्याच्या भरवशावर मनाच्या आजाराची गोळी बंद होते. आजार उलटला की, ‘तूच पोळी खाल्लीस’ म्हणून घरचेच रुग्णाला बोल लावतात. आधीच खचलेल्या माणसावर हा दुसरा आघात. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नये. कोणाशी बोलावे हे सुचेना, तर सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे.

ताटात काय वाढावे हे घरोघरी ठरेल. पण आजारी माणसाच्या ताटावर पहारा करण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून जेवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.