घेतलेले पाणी परत करताना
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पाणी गाळून वापरण्याचा संस्कार आपणांस आई-आजींकडून मिळाला. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत जिवाणी अलगद सोडण्याची दक्षता त्या घेत असत. पाणी घेताना जेवढी काळजी, तेवढीच ते परत करतानाही असे. यांपैकी पहिली काळजी आपण राखली. दुसरीचा मात्र आपणांस विसर पडला आहे.

आज सकाळचेच पाहा. समारंभासाठी आलेल्या काही गाड्या आपल्या फाटकाजवळ धुतल्या गेल्या. त्यांत माझीही होती. फेसाचा ओघळ रस्त्याकडेच्या गटारात उतरला. गटार नाल्याला मिळते आणि नाला नदीला. कोल्हापूरचा जयंती नाला असाच पंचगंगेस मिळतो आणि पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला. आपण सोडलेले पाणी खालच्या गावांच्या वाट्यास येते.

या फेसात केवळ साबण नसतो. इंजिनाचे वंगण, ब्रेकच्या घर्षणाने झडलेले धातूंचे कण आणि टायरची भुकटी त्याबरोबर वाहत जाते. साबणातील द्रव्ये माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. त्यात फॉस्फेट असेल तर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. डब्यावर ‘जैवविघटनशील’ असे छापलेले असले तरी निर्धास्त होऊ नये. त्या विघटनासाठीही पाण्यातील प्राणवायूच खर्च होतो.

आपल्यापैकी काही बंधूंची गाड्या धुण्याची केंद्रे आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे. फरशीचा उतार एकाच बाजूस ठेवावा. पहिल्या टाकीत माती बसू द्यावी, दुसऱ्या टाकीत वर आलेले तेल काढून घ्यावे. साबणामुळे बरेचसे तेल पाण्यात मिसळूनच राहते. म्हणून पुढे तुरटी घालून पाणी निवळू द्यावे व वाळू-कोळशाच्या गाळणीतून काढावे. असे पाणी गाडीवरील चिखल धुण्यास पुन्हा उपयोगी पडते. तेलकट गाळ मात्र उकिरड्यावर न टाकता परवानाधारक यंत्रणेकडे द्यावा. नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात तेल-वंगण लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे शासनाचे मानक आहे; आणि जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा तर १९७४ पासून आहे.

घरी गाडी धुणाऱ्यांसाठी मार्ग सोपा आहे. नळीतून मिनिटास १० लिटर पाणी धरले, तरी १० मिनिटांत १०० लिटर जाते. त्याऐवजी दोन बादल्या आणि ओले फडके पुरते. साबण बेताचा घ्यावा, आणि उरलेले पाणी गटारात न ओतता विहीर-कूपनलिकेपासून दूर, मोकळ्या मातीत जिरवावे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या आवारात अशी एक दुहेरी टाकी व गाळणी बांधावी, अशी विश्वस्तांना माझी प्रार्थना आहे. सकाळचा तो ओघळ माझ्याही गाडीचा होता; म्हणून पहिली वर्गणी मी आजच कार्यालयात जमा करीत आहे. ती टाकी होईपर्यंत फाटकाजवळ कोणीही गाडी धुऊ नये, एवढा निर्धार आपण येथेच करू या.

जय जिनेंद्र!