यंत्राला शिकवण्याआधी लाइनमनचे ऐका





वीजजाळे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावरची परिषद सोलापुरात कशासाठी, असे काही मित्रांनी विचारले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळे चालणारे दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले. एक देश, एक ग्रिड, एक फ्रिक्वेन्सी हे ज्या गावात प्रत्यक्ष घडले, ते हे गाव. या मानाचा आम्हा सोलापूरकरांना अभिमान आहे.

पन्नास हर्ट्झच्या त्या एका आकड्यासाठी भार प्रेषण केंद्रातली माणसे रात्रंदिवस जागतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग, आणि प्रत्येक भागात किती वीज लागेल याचा आदल्या दिवशी बांधलेला अंदाज. ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा सुमारे ३१ हजार मेगावॉटची मागणी बघता बघता उतरली. जलविद्युत संचांच्या जोरावर आपल्या अभियंत्यांनी ग्रिड सांभाळले. पण त्या रात्रीची वेळ आधी जाहीर झालेली होती. ढग वेळ सांगून येत नाहीत.

आणि आता ढगांवर बरेच काही अवलंबून आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागली आहे. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून मोटर सुरू करायला जाणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बदलाचे मोल सांगायला नको. मात्र दुपारी भरभरून येणारी सौरवीज सूर्य कलला की ओसरते, नेमके तेव्हाच घराघरांत दिवे लागतात, आणि आपण कोयनेच्या जलविद्युत केंद्राकडे धावतो. कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. अंदाज चुकला की त्या मोजक्या पाण्यातून किंमत मोजावी लागते. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान आणि जुनी मागणी एकत्र वाचून अंदाज सुधारणारे यंत्र म्हणूनच मला हवे आहे. रोहित्राच्या तेलात विरघळलेल्या वायूंवरून बिघाड आधी ओळखणारे यंत्रही हवे आहे.

पण ते शिकणार कशावरून? राज्यातले लाखो कृषिपंप आजही मीटरविना, अश्वशक्तीवर आकारलेल्या बिलावर चालतात. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. कुठला ग्राहक कुठल्या डीपीवर, म्हणजे वितरण रोहित्रावर, याची नोंद कागदावर एक आणि खांबावर दुसरी असते. डीपी जळाल्यावर शेजारच्या डीपीवर भार टाकला जातो आणि नोंदवहीत ते येतच नाही. लाइनमनला मात्र हे सगळे पाठ असते. आपण त्याला ‘जनमित्र’ म्हणतो, पण त्याच्याजवळची माहिती विचारत नाही. ही माहिती गोळा करण्यावर खर्च न करता महागडी प्रणाली विकत घेणे हा मला सरळ अपव्यय वाटतो.

दुसरी काळजी ३० जुलै २०१२ ची. त्या मध्यरात्रीनंतर बिना–ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. तारेत दोष नव्हता. भार वाढला होता, व्होल्टेज उतरले होते, आणि वाहिनीचे संरक्षण करणाऱ्या रिलेने त्यालाच दोष मानले. दिलेल्या सेटिंगप्रमाणे रिलेचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून अधिक लोकांच्या वस्तीत वीज गेली. रिलेचे सेटिंग निदान तपासता येते. स्वतः शिकलेल्या यंत्राने एखादा निर्णय का घेतला, हे चौकशी समितीपुढे कोण सांगणार? म्हणून माझे ठाम मत असे, की यंत्राने सुचवावे, कारणासह सुचवावे. ब्रेकर उघडण्याचा हुकूम त्या पाळीच्या अभियंत्याच्या नावानेच निघावा. क्षणार्धात चालणाऱ्या संरक्षण यंत्रणेला माणसाची वाट पाहता येत नाही, हे मान्य. तिथे तर चाचणीशिवाय काहीही बसवू नये.

दोन दिवसांत आपल्या सोयीत काही उणे राहिले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पंगतीत आहेच.

पहिले सत्र रिवाजाप्रमाणे प्राध्यापकांचे असते. यंदा ते लाइनमन आणि ऑपरेटर मंडळींचे ठेवले आहे. प्रणाली तयार करणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती, की या सत्राला वही घेऊन बसा आणि त्यांना प्रश्न विचारा.