दोनदा बाहेर आलेला बाप



ख्रिस्ती श्रद्धेतील देवाची दया समजून घ्यायची, तर लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाकडे जावे लागते. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, दूरदेशी जाऊन सारे उधळतो आणि डुकरे राखायची पाळी आल्यावर घरी परततो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ असे म्हणायचे त्याने ठरवलेले असते. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. चाकरीचे शब्द ओठांवर येण्याआधीच झगा, अंगठी, जोडे मागवले जातात. पश्चात्तापाचे गुण मोजायला बाप थांबत नाही.

ही कथा वर्गात सांगत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग थोरल्याचे काय? तो तर घरात राबतच होता.”

प्रश्न रास्त होता. थोरला रागावून दाराबाहेरच उभा राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. त्याची तक्रार ऐकून घेतो, तिला खोटी म्हणत नाही. शेवटी थोरला आत गेला का, हे कथा सांगत नाही.

‘ख्रिस्तपुराण’ हाती घेताना मला हा थोरला आठवतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्येच आले होते आणि १५६७ मध्ये याच साष्टीतील देवळे पाडली गेली होती. प्रेमाचे पुराण आणि भीतीचे राज्य एकाच मातीत नांदत होते.

या ग्रंथाच्या दाराशी आपल्यापैकी अनेक जण थोरल्यासारखे उभे असतात. त्यांनी तक्रार गिळून आत यावे, असे मी म्हणणार नाही. धर्माच्या नावाने धाक घालणाऱ्या सत्तेला मोजण्याचे माप त्याच धर्माच्या या कथेत आहे: दुखावलेल्याचे ऐकायला स्वतः बाहेर येणारा बाप. ते माप हाती ठेवून ‘ख्रिस्तपुराण’ वाचावे. मग त्यातील ओवीचे सौंदर्यही दिसेल आणि तिच्याभोवतीचा इतिहासही झाकला जाणार नाही.