मे महिन्यात वाचन पडीक पडू देऊ नका
(जुन्नर-आंबेगावच्या बैठकीतील भाषण)



भाव, वीज, पाणी यावर आम्ही नेहमीच बोलतो. आज पोरांच्या सुट्टीवर बोलणार आहोत. हसू नका, हाही शेतीच्या हिशेबाचाच विषय आहे.

12 मे 1875 रोजी याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकरी सावकारांवर उठला. लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. शेतकऱ्यानं जाळलं काय? कर्जरोखे आणि चोपड्या. जे कागद वाचता येत नव्हते त्याच कागदांवर जमीन जात होती. लिहिणारा सावकाराचा, वाचून दाखवणारा सावकाराचा, आपला फक्त अंगठा. पुढे 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला बजावलं, की तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामानं आणि शिकतात वरच्या वर्गाची पोरं.

आज गावोगाव शाळा आहे. तरी 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, औषधात औषध मिसळलेलं, अंगावर संरक्षणाचं काही नाही. सगळा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणाऱ्यांशी आमचं भांडणच आहे. पण डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या कागदावर उताराही लिहिलेला असतो, मुंगीएवढ्या अक्षरात. बापाचे डोळे तिथं पोचत नाहीत. पोराचे पोचतात, वाचायची सवय असली तर.

ही सवय मे महिन्यात मोडते. एप्रिलमध्ये घडाघडा वाचणारं तिसरीचं पोर जूनमध्ये अडखळतं. मुळं धरायच्या आधी रोपाला ताण दिला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शहरातल्या नोकरदाराच्या घरी पेपर येतो, पुस्तकं असतात. आपलं पोर पश्चिमेला हिरडा वेचतं, पूर्वेला कांद्याच्या रानात नाहीतर हंड्यामागं असतं. घरात हातभार लावू दे, पण दिवेलागणीला अर्धा तास त्याला मोठ्यानं वाचायला बसवा आणि तुम्ही ऐका. बाजार समितीची पट्टी, सातबारा, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, काहीही. आईला वाचता येत नसलं तरी बिघडत नाही, पोर कुठं थांबलं ते तिला कळतं.

मात्र नुसत्या सातबाऱ्यावर पोर टिकणार नाही, त्याला गोष्ट लागते. पुस्तकं शाळेतच आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह वाचनालय असायला हवं. पण परीक्षा संपली की बहुतेक ठिकाणी कपाटाला कुलूप लागतं. का, तर पुस्तक हरवेल, फाटेल. कपाटात वाळवी खाते त्याचं काय?

साताऱ्याकडं भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. तिथं 4 मे 2017 पासून लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, कुणीही यावं आणि वाचावं. तिथं सरकारनं पैसा घातला. आपल्याला एक पडवी आणि एक पेटी पुरे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. सुट्टी लागायच्या आत ठराव करा, की प्रत्येक पोराच्या नावावर दोन पुस्तकं घरी जातील. वाचली की शेजारच्याशी अदलाबदल, शाळा उघडली की परत. आणि उद्या गावी गेल्यावर आधी विचारा, कपाटाची किल्ली कुणाकडं आहे?