एच.आय.व्ही., स्त्रीवरील अत्याचार आणि आपला समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला मंडळाने हा विषय सुचविला तेव्हा कार्यकारिणीत काही क्षण कोणीच बोलले नाही. धर्मस्थानाच्या सभागृहात असा विषय कसा घ्यावयाचा, असे एकाने विचारले. एखाद्या डॉक्टरांना बोलवावे, असे दुसऱ्याने सुचविले. मी बोलतो, असे अखेर मीच म्हटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस. वैद्यकशास्त्रातले मला फारसे कळत नाही. परंतु या आजाराच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपणा सर्वांसमोर सांगावी असे फार दिवस मनात होते.

प्रथम आपल्याच घरची एक कथा. चंदनबालेचे आख्यान आपण लहानपणापासून ऐकत आलो. तपशिलात संप्रदायभेद आहेत, गाभा एकच आहे. राजकन्या कौशांबीच्या बाजारात विकली गेली. एका श्रेष्ठींनी तिला मुलगी मानून घरी आणले. त्यांच्या पत्नीने संशयापोटी तिला बेड्या घालून कोंडून ठेवले. तिच्याच हातचा आहार भगवान महावीरांनी स्वीकारला आणि पुढे तीच 36,000 साध्वींच्या संघाची प्रमुख झाली. हे ऐकताना आपले डोळे पाणावतात. परंतु तिला बेड्या पडल्या त्या बाजारात नव्हे, एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या घरात पडल्या, याकडे आपले लक्ष जात नाही. निदान माझे गेले नव्हते.

आता वर्तमानाकडे येतो. भारतात एच.आय.व्ही. प्रथम उघडकीस आला तो 1986 साली, चेन्नईत, आणि तो शोधणाऱ्या दोघीही स्त्रिया होत्या : सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला आणि त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. वडिलांचा चामड्याचा व्यापार. अनेक डॉक्टर या रुग्णांना हात लावावयास तयार नव्हते, त्या काळात, 1993 साली, त्यांनी वडिलांच्या नावे वाय.आर.जी. केअर ही संस्था काढून रुग्णांना जवळ केले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाधित स्त्रिया सामान्य गृहिणी होत्या. पतीवाचून अन्य पुरुषाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता.

येथे क्षणभर थांबतो. स्वदारसंतोष हे आपले व्रत आहे. ते पाळले तर या आजाराची चर्चाच नको, असे मला काहींनी ऐकविले. व्रताची थोरवी मला मान्य आहे. परंतु पतीने व्रत मोडले तर त्याचे फळ पत्नीच्या रक्तात उतरते, आणि तिने तर कोणतेच व्रत मोडलेले नसते. पतीला नकार दिला तर मार बसतो, होकार दिला तर आजार येतो, आणि आजार उघड झाला की 'हिनेच आणला' म्हणून घराबाहेर काढले जाते. आजार आणि अत्याचार हे असे एकाच दोऱ्याने शिवलेले आहेत.

हा दोरा उसवण्याचे काम आपल्या सांगलीत कोणी आरंभिले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. 1992 साली मीना शेषू यांनी 'संग्राम' या संस्थेमार्फत गोकुळनगर भागात काम सुरू केले. आपण ज्या रस्त्याने मान खाली घालून जातो, तोच भाग. बाहेरच्या माणसाने तेथे जाऊन उपदेश करावयाचा, अशी ही पद्धत नव्हती. धंदा करणाऱ्या स्त्रियांनीच एकमेकींना आजाराची माहिती द्यावयाची, निरोध वाटावयाचे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात न्यावयाचे आणि तेथे हिडीसफिडीस झाली तर जाब विचारावयाचा. निरोध नाकारणारे गिऱ्हाईक एका दारातून परतले तर दुसऱ्या दारात जाणार. म्हणून सर्व दारांनी एकच उत्तर द्यावयाचे. आम्हा कापडवाल्यांना हे समजावून सांगावयास नको. सारी पेठ एकभाव ठेवते तेव्हा घासाघीस आपोआप थांबते.

1996 साली त्यांनी स्वतःची संघटना उभारली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. हा शब्द व्यासपीठावरून उच्चारताना माझी जीभ अडखळते, पण त्यांनी तो नावातच ठेवला आहे. गुंडांची दंडेली, पोलिसांचा त्रास, आपसांतील तंटे यांची दाद त्या एकत्र बसून घेऊ लागल्या. निपाणीस त्यांच्या मुलांसाठी वसतिगृह झाले. 2002 साली मीनाताईंचा गौरव ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेने केला. 2005 साली अमेरिकन सरकारी मदत घेताना वेश्याव्यवसायाचा निषेध करणारे धोरण स्वीकारण्याची अट आली, तेव्हा संस्थेने ती मदत नाकारली. ज्यांच्यासोबत काम करावयाचे त्यांचाच धिक्कार कागदावर लिहून देणे त्यांना मान्य नव्हते. देणगीदाराची अट पाहून ठराव बदलणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अधिक बोलत नाही.

त्यांच्या सर्व मतांशी मी सहमत आहे असे नाही. देहविक्रयाकडे धंदा म्हणून पाहणे माझ्या संस्कारांना जड जाते. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. बाजारातली स्त्री चौघींच्या बळावर 'नाही' म्हणावयास शिकली. आपल्या घरातली स्त्री ते म्हणू शकत नाही, कारण ती एकटी आहे.

आता माझी चूक सांगतो. 1998 साली आमच्या पेढीवरचा एक गुमास्ता वारला. खरेदीसाठी त्याचे सुरत-मुंबईस नेहमी जाणे असे. घरच्यांनी क्षय म्हणून सांगितले. दोन महिन्यांनी त्याची पत्नी दोन मुलांना घेऊन पेढीवर आली. सासरच्यांनी मारहाण करून बाहेर काढले होते. दंडावरचे वळ तिने पदराखाली झाकले होते, तरी दिसत होते. तिने पैसे मागितले नाहीत. साड्यांना फॉल लावण्याचे काम मागितले. मी पाच हजार रुपये पाकिटात घालून दिले आणि काम नंतर बघू म्हणालो. गिऱ्हाइकांना कळले तर काय, हा विचार मनात होता. 1956 च्या वारसा कायद्याने पतीच्या मालमत्तेत तिचा हिस्सा होता. माझे वकील रोज पेढीवर चहाला येत. मी त्यांना एका शब्दाने विचारले नाही.

पुढे तिने विधवा साहाय्यासाठी आपल्या ट्रस्टकडे अर्ज केला. अर्जात एक रकाना आहे, 'पतीच्या निधनाचे कारण'. तो तिने कोरा ठेवला. अपूर्ण म्हणून अर्ज परत गेला. त्या समितीत मी होतो आणि परतीच्या पत्रावर माझीही सही आहे.

2009 साली एका नातेवाइकांना घेऊन शासकीय रुग्णालयात गेलो होतो. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने या आजाराची औषधे मोफत देण्यास आरंभ केला, हे आपणांस ठाऊक असेल. औषध केंद्राबाहेरच्या बाकावर चार-पाच बायका बसल्या होत्या आणि एक स्त्री त्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून देत होती. एकीला घरातून काढले होते. तिला कोणत्या कार्यालयात जावयाचे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली काय लिहून द्यावयाचे, हे ती सांगत होती. आवाज ओळखीचा वाटला. तीच होती. मला पाहून ती थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा शेठ." मी बसलो. त्यानंतर काय बोलावे हे मला सुचले नाही. तिनेच मुलांचे सांगितले. थोरला आयटीआय करीत होता.

आज नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू तपासणीत दिसेनासा झाला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास जात नाही. बाधित मातेचे बाळही औषधांमुळे बहुधा निरोगी जन्मते. एच.आय.व्ही.विषयक 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. त्यानुसार कोणासही हा आजार उघड करण्याची सक्ती करता येत नाही आणि बाधित व्यक्तीला राहत्या घरातून काढता येत नाही. आपला अर्ज मात्र अद्याप तोच आहे. गेल्या महिन्यात मी कार्यालयातून कोरी प्रत मागवून पाहिली. रकाना क्रमांक 7.

स्मरणिकेसाठी माजी विश्वस्तांची छायाचित्रे जमवीत असता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पन्नास वर्षांत एकही महिला विश्वस्त झालेली नाही. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पद्मश्री सुमतीबाई शहा यांच्यासारख्या विदुषींनी विधवांच्या शिक्षणाची केवढी परंपरा उभारली, हे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. आपल्या मंडळाच्या बैठकीत मात्र महिला येतात त्या चहा घेऊन.

कार्यकारिणीच्या येत्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. रकाना क्रमांक 7 अर्जातून काढावा, आणि साहाय्य समितीत निम्म्या जागा महिलांना द्याव्यात. अनुमोदक म्हणून महिला मंडळाच्या अध्यक्षांनी सही दिली आहे. काही सदस्यांचा विरोध आहे हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो सभेत येऊन मांडावा, एवढीच विनंती. फॉल-पिकोच्या कामासाठी आमच्या पेढीवर सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. कारण विचारले जाणार नाही.